हेन्री फोंडा : पडद्यावरचा सज्जन आणि पाच लग्नांचा संसार

प्रश्न | रविवारचा_प्रेक्षक

‘एक रुका हुआ फैसला’ पाहून त्याच्या मुळाकडे, म्हणजे १९५७ च्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’कडे, वळलेले प्रेक्षक आपल्याकडे बरेच असतील. मीही त्यांतलाच. अकरा जण एका बाजूला असताना आवाज न चढवता आपली शंका मांडत राहणारा तो आठव्या क्रमांकाचा ज्यूरर (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा नागरिकांपैकी एक), त्याआधीचा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’मधला टॉम जोड, ‘यंग मिस्टर लिंकन’मधला तरुण वकील, या सगळ्या भूमिकांमुळे हेन्री फोंडा म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असा माणूस, अशी माझी समजूत झाली होती. अलीकडे त्यांची मुलगी जेन फोंडा हिचे आत्मचरित्र वाचनात आले आणि त्यातला बाप या प्रतिमेशी काही केल्या जुळेना. तो घरात फारसा बोलत नाही, रागावला की सारे घर चिडीचूप होते आणि समोर कोणी रडू लागले तर त्याला ते सहन होत नाही.

त्यांनी पाच लग्ने केली हे मला ढोबळपणे ठाऊक होते. माझा प्रश्न त्या आकड्याविषयी नाही. ही लग्ने मोडण्यामागे त्यांचा स्वभाव किती होता आणि त्या काळच्या हॉलीवूडची रीत किती, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की, जेन आणि पीटर या मुलांपासून त्यांच्या आईच्या मृत्यूचे खरे कारण लपवले गेले, त्याबद्दल घरातल्या माणसांनी पुढे काय लिहून ठेवले आहे? आणि ‘ऑन गोल्डन पॉन्ड’ या दोघांनी एकत्र केलेल्या चित्रपटाच्या वेळी बापलेकीचा समेट झाला असे सर्रास सांगितले जाते, ते कितपत खरे मानावे? चघळलेल्या वावड्या नकोत. ज्याला नोंदीचा किंवा संबंधित व्यक्तीच्या स्वतःच्या कथनाचा आधार आहे, तेवढेच सांगावे ही विनंती.

प्रतिसाद १ | जुनी_रिळे

आधी लग्नांचा क्रम लावून घेऊ, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. पहिले लग्न अभिनेत्री मार्गारेट सलव्हन हिच्याशी, २५ डिसेंबर १९३१ रोजी बाल्टिमोरमध्ये झाले. एकत्र राहणे काही महिन्यांतच संपले आणि १९३३ मध्ये घटस्फोट झाला. दुसरे सप्टेंबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कला, फ्रान्सिस फोर्ड सीमोर ब्रोकॉ या श्रीमंत विधवेशी. जेन (१९३७) आणि पीटर (१९४०) ही तिची मुले, शिवाय पहिल्या लग्नाची एक मुलगी तिच्याबरोबर आली होती. एप्रिल १९५० मध्ये फ्रान्सिसने आत्महत्या केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फोंडा यांनी सुझन ब्लँचर्डशी तिसरे लग्न केले. १९५३ मध्ये दोघांनी ॲमी या मुलीला दत्तक घेतले आणि १९५६ मध्ये ते विभक्त झाले. चौथे लग्न इटालियन उमराव घराण्यातल्या अफदेरा फ्रांकेत्तीशी, १९५७ ते १९६१. पाचवे शर्ली मे ॲडम्सशी डिसेंबर १९६५ मध्ये झाले आणि १२ ऑगस्ट १९८२ रोजी फोंडा यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ सतरा वर्षे, टिकले.

आता हॉलीवूडच्या रीतीविषयी. त्या काळातल्या स्टुडिओंच्या करारांत नटाच्या खासगी वर्तनावर बोट ठेवणारे कलम असे आणि लूएला पार्सन्स, हेडा हॉपर यांच्यासारख्या स्तंभलेखिका कोण कोणाबरोबर जेवला याची बित्तंबातमी छापत. लग्नाविना एकत्र राहणे नटाला परवडणारे नव्हते. त्यामुळे आज जे नाते दोन-तीन वर्षे चालून गाजावाजा न होता संपले असते, ते तेव्हा चर्चमध्ये किंवा न्यायाधीशासमोर जाऊन नोंदवले जाई आणि मग तितक्याच जाहीरपणे मोडले जाई. क्लार्क गेबल आणि कॅरी ग्रँट यांचीही प्रत्येकी पाच लग्ने झाली, हे या संदर्भात ध्यानात घेण्यासारखे आहे.

कायद्याची बाजूही पाहायला हवी. दोघांपैकी कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळण्याची सोय कॅलिफोर्नियात १ जानेवारी १९७० पासून झाली. न्यूयॉर्क राज्यात तर १९६६ च्या सुधारणेपर्यंत व्यभिचार हे जवळपास एकमेव कारण ग्राह्य धरले जाई. त्यामुळे ज्यांच्याजवळ पैसा होता ते नेव्हाडातल्या रीनो शहरी सहा आठवडे मुक्काम ठोकून तिथला हुकूमनामा घेऊन येत, किंवा कॅलिफोर्नियात ‘मानसिक क्रूरता’ असा ठरावीक शब्द अर्जात घालत. तो शब्द वकिलाच्या कारकुनाने भरलेला असे. जुन्या वृत्तपत्रांतील घटस्फोटाच्या बातम्या वाचून नवरा बायकोला छळत होता असा निष्कर्ष जे काढतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

तरीही सगळे खापर हॉलीवूडवर फोडता येणार नाही. फोंडा यांचा जिवलग मित्र जेम्स स्टुअर्ट त्याच नाटकमंडळीतून आला, न्यूयॉर्कमध्ये आणि नंतर लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्याच खोलीत राहिला, त्याच स्टुडिओंच्या जगात वावरला. त्याने १९४९ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, एकच लग्न केले आणि पत्नीच्या मृत्यूपर्यंत, १९९४ पर्यंत, ते निभावले.

प्रतिसाद २ | ओमाहाकर_नसलेला

जुनी_रिळे यांच्या माहितीत मार्गारेट सलव्हनविषयी थोडी भर घालतो, कारण हे लग्न अल्पजीवी म्हणून सगळे चरित्रकार ते दोन ओळींत उरकतात आणि माझ्या मते तिथेच चूक करतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या फाल्मथ गावी उन्हाळ्यात ‘युनिव्हर्सिटी प्लेअर्स’ नावाची होतकरू नटांची मंडळी नाटके करत असे. जोशुआ लोगन, जेम्स स्टुअर्ट, हेन्री फोंडा आणि सलव्हन हे सारे तिथले. सलव्हन तापट, बोलकी आणि भांडणात हार न जाणारी, तर फोंडा भांडणाला मौनाने उत्तर देणारा. न्यूयॉर्कमध्ये ते वेगळे झाले तेव्हा ती जेड हॅरिस या बड्या नाट्यनिर्मात्याच्या सहवासात होती. उतारवयात, १९८१ मध्ये हॉवर्ड टाइकमन याच्याकडून लिहवून घेतलेल्या आत्मकथनात फोंडाने एक आठवण सांगितली आहे. तो रात्री तिच्या घरासमोर रस्त्यावर येऊन उभा राही, वरच्या खिडकीतला दिवा पाहत राही आणि हॅरिस वर आहे हे ठाऊक असूनही दार ठोठावत नसे. जवळजवळ पन्नास वर्षांनंतरही तो प्रसंग त्याला तपशिलासकट आठवत होता, आणि आयुष्यात इतके कोलमडून गेल्याचे त्याने क्वचितच कबूल केले आहे.

तर हे नाते घटस्फोटाने संपले का? मुळीच नाही. १९३६ मध्ये दोघांनी ‘द मून्स अवर होम’ या चित्रपटात नायक-नायिका म्हणून काम केले. सलव्हनने मध्यंतरी दिग्दर्शक विल्यम वायलरशी लग्न केले होते, ते मोडून तिने त्याच वर्षी लीलंड हेवर्डशी केले, आणि हा हेवर्ड म्हणजे फोंडाचाच एजंट. दोन्ही कुटुंबे लॉस एंजेलिसच्या ब्रेंटवूड भागात जवळजवळ राहत, मुले एकत्र खेळत आणि एकाच शाळेत जात. जेन फोंडा आणि ब्रुक हेवर्ड या मैत्रिणी. पीटर फोंडा ब्रुकच्या धाकट्या बहिणीवर, ब्रिजेटवर, जीव टाकत असे. सलव्हन १ जानेवारी १९६० रोजी झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने गेली आणि त्याच वर्षी ब्रिजेटही गेली. १९६४ मध्ये पीटरला मुलगी झाली तेव्हा त्याने तिचे नाव ब्रिजेट ठेवले. तीच पुढची अभिनेत्री ब्रिजेट फोंडा. ब्रुकने डेनिस हॉपरशी लग्न केले, आणि हॉपर व पीटर यांनी मिळून ‘इझी रायडर’ हा चित्रपट केला. ब्रुकने १९७७ मध्ये आपल्या कुटुंबाची कहाणी प्रसिद्ध केली. ती वाचताना फोंडांचे घरही शेजारच्या खिडकीतून दिसत राहते.

प्रतिसाद ३ | मुक्ता_वाचते

मूळ प्रश्नाचा गाभा फ्रान्सिसच्या मृत्यूत आहे असे मला वाटते, म्हणून त्याविषयी जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्सिस आणि हेन्री यांची भेट १९३६ मध्ये इंग्लंडमधल्या डेनम स्टुडिओत, ‘विंग्ज ऑफ द मॉर्निंग’च्या चित्रीकरणाच्या वेळी झाली. ती काही नटी नव्हती. न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू वर्तुळात वावरलेली, शेअर बाजार आणि पैशाचे व्यवहार उत्तम समजणारी बाई होती. ब्रेंटवूडमधल्या टायगरटेल रस्त्यावर दोघांनी शेतघरासारखे घर बांधले. १९४२ मध्ये हेन्री नौदलात दाखल झाला, पॅसिफिक महासागरात त्याने गुप्तवार्ता अधिकारी म्हणून काम केले, त्याला ब्राँझ स्टार पदक मिळाले. तीन वर्षे मुले आईजवळच वाढली. युद्धानंतर १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रॉडवेवर ‘मिस्टर रॉबर्ट्स’ हे नाटक लागले, फोंडाला त्यासाठी टोनी पुरस्कार मिळाला आणि सारे कुटुंब कॅलिफोर्निया सोडून कनेटिकटमधल्या ग्रीनिच गावी आले. ऊन, बाग, घोडे यांची सवय झालेल्या मुलांना ते भाड्याचे अंधारे घर आवडले नाही. फ्रान्सिसची प्रकृती तोवर ढासळू लागली होती. १९४९ मध्ये नवऱ्याने तिच्याकडे घटस्फोट मागितला. त्याचे मन सुझन ब्लँचर्ड या तरुणीवर जडले होते; ही सुझन संगीतनाटकांचे लेखक ऑस्कर हॅमरस्टीन यांची सावत्र मुलगी.

त्यानंतर फ्रान्सिसला आधी एका आरोग्यधामात आणि नंतर न्यूयॉर्क राज्यातील बीकन येथील क्रेग हाउस या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तिथून ती एकदा परिचारिकांच्या सोबतीने घरी येऊन गेली. जेनने लिहिलेला हा प्रसंग वाचून पुस्तक खाली ठेवावे लागते. बारा वर्षांची जेन तेव्हा वरच्या मजल्यावर पीटरबरोबर आपल्या सागरगोट्यांसारखा एक खेळ खेळत बसली होती. आई खालून हाका मारत होती. जेन रागावलेली होती, ती खाली गेली नाही आणि पीटरलाही जाऊ नकोस म्हणाली. तरी पीटर गेला. जेनला आई पुन्हा दिसली नाही.

१४ एप्रिल १९५० रोजी रुग्णालयातच फ्रान्सिसने जीवन संपवले. अंत्यविधीला तिची आई आणि नवरा अशी दोनच माणसे होती. त्या संध्याकाळी फोंडा रंगमंचावर उभा राहिला आणि ‘मिस्टर रॉबर्ट्स’चा प्रयोग त्याने केला. याबद्दल त्याला निर्दय म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसे म्हणवत नाही. घरच्याचे प्रेत ठेवून तोंडाला रंग लावणाऱ्या नटांच्या कहाण्या आपल्या संगीत रंगभूमीवरही आपण मोठ्या कौतुकाने सांगत आलो आहोत. प्रयोग करणे ही त्याला ठाऊक असलेली एकमेव गोष्ट होती. मला खरा राग येतो तो त्यापुढच्या गोष्टीचा.

मुलांना सांगितले गेले की आई हृदयविकाराने गेली. घरातली वर्तमानपत्रे बंद झाली, ओळखीच्यांना बजावण्यात आले. काही महिन्यांनी शाळेत एका मैत्रिणीने जेनच्या हातात सिनेमाचे मासिक ठेवले आणि त्यात तिने आपल्या आईच्या मृत्यूचे कारण वाचले. जिने आईच्या हाकेला ओ दिली नव्हती त्या मुलीने हे असे, छापील मजकुरातून, एकटीने कळून घेतले आणि ती त्याविषयी घरात कोणाशीही बोलली नाही, कारण बोलण्याची पद्धतच नव्हती. पीटरला तर खरे कारण कळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. १९५१ च्या जानेवारीत, बाप सुझनबरोबर मधुचंद्राला गेला असताना, दहा वर्षांच्या पीटरच्या पोटात पिस्तुलाची गोळी लागली आणि तो मरता मरता वाचला. तो अपघात होता असे पीटरने आयुष्यभर सांगितले. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये बीटल्स मंडळींपुढे त्याने ही हकिगत सांगितली, मेल्यावर कसे वाटते ते मला ठाऊक आहे असे म्हणाला, आणि वैतागलेल्या जॉन लेननने त्यावरून ‘शी सेड शी सेड’ हे गाणे रचले.

बऱ्याच वर्षांनी, आत्मचरित्राच्या तयारीत असताना, जेनने वकिलांमार्फत आईचे रुग्णालयातले कागद मिळवले. लहानपणी आईवर लैंगिक अत्याचार झाला होता, हे तिला त्या कागदांतून समजले. आपल्याला जवळ न घेणाऱ्या, आरशासमोर तासन्‌तास बसणाऱ्या आईविषयीचा तिचा राग त्यानंतर ओसरला असे ती सांगते. ती हे लिहीत होती तेव्हा तिची साठी उलटून गेली होती. रविवारचा_प्रेक्षक, तुम्ही स्वभाव की हॉलीवूड असे विचारले आहे. पाच लग्ने नसून एकच असते तरी या घरात हेच घडले असते असे मला वाटते, कारण नवरा बदलला असता किंवा बायको बदलली असती तरी कठीण गोष्टीवर दार लावून घेण्याची त्या माणसाची रीत बदलली नसती. सुझननेही नवऱ्याच्या घुमेपणाला कंटाळून संसार सोडला आणि जेनला तर ती सावत्र आई फार आवडत असे. दोघींत अंतर नऊच वर्षांचे होते.

प्रतिसाद ४ | द_मा_शं

मुक्ता_वाचते यांचा राग समजण्यासारखा असला, तरी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. या घराविषयी आपण जे काही जाणतो त्यातले बहुतेक जेन आणि पीटर यांच्या लेखणीतून आलेले आहे. बापाचे स्वतःचे कथन त्रोटक आहे. त्यातही पाच लग्ने झाल्याची आपल्याला लाज वाटते अशी कबुली देऊन त्यांनी कोणत्याही बायकोवर दोष ढकललेला नाही. ज्याने लिहिले त्याची बाजू टिकते, हे चरित्रे वाचताना विसरू नये.

आणि हे मौन त्यांनी कोठून घेतले, तेही पाहावे. नेब्रास्कातल्या ओमाहा शहरी त्यांचे वडील छापखाना चालवत. घरात ख्रिश्चन सायन्स पंथाचे संस्कार होते. २८ सप्टेंबर १९१९ रोजी त्या शहरात जमावाने विल ब्राऊन या कृष्णवर्णीय माणसाला न्यायालयातून ओढून काढून ठार मारले. चौदा वर्षांच्या हेन्रीने वडिलांबरोबर छापखान्याच्या खिडकीतून ते सारे पाहिले. वडिलांनी त्यावर ना उपदेश केला, ना नंतर कधी विषय काढला. पुढे हेन्री नाटकात शिरला तेव्हा वडिलांनी नापसंतीने अबोला धरला. ओमाहाच्या हौशी रंगमंचावर ‘मर्टन ऑफ द मूव्हीज’मधले मुलाचे काम पाहून आल्यावरही ते वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसले होते. बहिणीने कामात काही खोट काढायला सुरुवात करताच वर्तमानपत्र खाली आले, तिला गप्प बसवले गेले, काम अचूक झाले असे सांगून वर्तमानपत्र पुन्हा वर गेले. फोंडा ही आठवण आयुष्यभर अभिमानाने सांगत. अशा घरात वाढलेल्या माणसाला, प्रेम आहे ते बोलून कशाला दाखवायचे, असे वाटले तर नवल नाही. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’चे निर्माते ते स्वतः होते, हे या खिडकीच्या संदर्भात अवश्य आठवावे.

प्रतिसाद ५ | जुनी_रिळे

‘ऑन गोल्डन पॉन्ड’विषयी. अर्नेस्ट थॉम्पसनच्या नाटकाचे हक्क जेनच्या निर्मितिसंस्थेने खास वडिलांसाठी घेतले. १९८० च्या उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायरमधल्या स्क्वॉम तळ्याकाठी चित्रीकरण झाले. फोंडा आणि त्यात त्यांच्या पत्नीचे काम करणारी कॅथरीन हेपबर्न ही दोघे तोवर एकमेकांना भेटलीही नव्हती. पहिल्याच भेटीत तिने आपल्या दिवंगत जोडीदाराची, नट स्पेन्सर ट्रेसीची, जुनी टोपी त्यांना दिली आणि चित्रपटात त्यांनी ती घातली. (फोंडा चांगली चित्रे काढत. चित्रपटात वापरलेल्या तीन टोप्यांचे जलरंगचित्र त्यांनी काढले आणि हेपबर्नला भेट दिले.)

कथेतली मुलगी बापाला, आपल्यात मैत्री व्हावी असे सांगते, तो प्रसंग जेनच्या मनात बरेच दिवस घोळत होता. तालमीत जे केले नव्हते ते तिने कॅमेरा वडिलांवर रोखलेला असताना केले. बोलता बोलता तिने त्यांच्या दंडाला हात लावला. फोंडा ठरल्याबाहेरचे काही न खपवून घेणारे नट होते. ते दचकले, डोळे भरून आले आणि त्यांनी मान वळवून चेहरा लपवायचा प्रयत्न केला. चित्रपटात तेच चित्रण आहे. जेनने ते अनेकदा सांगितले आहे, पण तिने याला समेट म्हटलेले नाही, हे महत्त्वाचे. चित्रीकरण संपल्यावर दोघे बसून जुन्या गोष्टी बोलली असे घडले नाही. व्हिएतनाम युद्ध चालू असताना १९७२ मध्ये तिने शत्रूच्या राजधानीचा, हनोईचा, जो दौरा केला त्यावरून अमेरिकेत तिच्याविषयी जो संताप उसळला होता, त्यावर आणि आईच्या मृत्यूवरही, बापलेकीत मोकळे बोलणे व्हायचे राहूनच गेले. लेखकाने लिहून दिलेली वाक्ये मध्ये होती म्हणून तेवढे तरी जमले, असे तिच्या कथनाचे तात्पर्य मी घेतो.

२९ मार्च १९८२ रोजी फोंडा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले तेव्हा ते ७६ वर्षांचे होते आणि आजारपणामुळे घरी होते. जेनने ते स्वीकारले आणि त्याच रात्री त्यांच्या हाती नेऊन दिले. पुढच्या साडेचार महिन्यांत ते गेले.

पीटरची तऱ्हा वेगळी. तो दूरध्वनी ठेवताना वडिलांना आपले प्रेम असल्याचे बजावून सांगे आणि त्यांच्याकडून तसेच उत्तर येईपर्यंत फोन ठेवत नसे. हळूहळू म्हातारा सरावला. १९७९ च्या ‘वांडा नेवाडा’त पीटरने त्यांना एक छोटी भूमिका दिली आणि स्वतः दिग्दर्शन केले.

रविवारचा_प्रेक्षक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. द_मा_शं यांनी सांगितलेली छापखान्याची खिडकी मला अजिबात ठाऊक नव्हती. एक शंका उरते. चौथ्या आणि पाचव्या पत्नीविषयी कोणी विशेष लिहिलेले नाही. पाचवे लग्न टिकले ते नेमके का? आणि मृत्युपत्रात जेन व पीटर यांना काहीच ठेवले नाही असे ऐकतो, ते खरे आहे का?

प्रतिसाद ६ | ओमाहाकर_नसलेला

अफदेराविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. इथिओपियातल्या एका ज्वालामुखीवरून वडिलांनी, ते भूप्रदेशांचे शोधक होते, तिचे नाव ठेवले होते. ‘वॉर अँड पीस’साठी फोंडा रोमला गेला असताना ओळख झाली. लग्नाच्या वेळी तो एक्कावन वर्षांचा, ती पंचविशीची. तिला मेजवान्या आणि गोतावळा हवा, याला घरात बसून चित्र काढायचे. चार वर्षांत संपले.

शर्ली मूळची इलिनॉय राज्यातली, हवाई सुंदरी म्हणून काम केलेली. लग्नाच्या वेळी ती तेहतीस वर्षांची होती आणि तो साठ. तिला स्वतःला पडद्यावर यायचे नव्हते, याचा वाटा मोठा असावा. १९७४ मध्ये ब्रॉडवेवर ‘क्लॅरन्स डॅरो’ हे एकपात्री नाटक चालू असताना फोंडा कोसळला, त्याला पेसमेकर बसवावा लागला, आणि तेव्हापासून अखेरपर्यंतची शुश्रूषा तिने केली. बेल एअरच्या घरी त्याने भाजीपाला लावला होता, कोंबड्या आणि मधमाश्या पाळल्या होत्या. न बोलता करण्याची ही सगळी कामे, आणि तिने त्यात ढवळाढवळ केली नाही. मुक्ता_वाचते यांना हे पटणार नाही कदाचित, पण माझे मत असे की ते लग्न टिकले ते तो बदलला म्हणून नव्हे; पहिल्या चौघींनी त्याच्याकडून जे मागितले ते पाचवीने मागितले नाही.

मृत्युपत्राची गोष्ट खरी आहे. मालमत्ता मुख्यतः शर्लीला आणि काही रक्कम दत्तक मुलगी ॲमीला, अशी वाटणी होती. जेन आणि पीटर स्वतःच्या पायांवर भक्कम उभे असल्याने त्यांना काही ठेवले नाही. त्यात त्यांच्यावरची नाराजी नव्हती. मधमाश्यांवरून आठवले: १९९७ च्या ‘युलीज गोल्ड’मध्ये पीटरने एका अबोल, नातवंडांना सांभाळणाऱ्या मधपाळाची भूमिका केली, त्यासाठी आपण वडिलांना नजरेसमोर ठेवले होते असे सांगितले, आणि ऑस्करचे नामांकन मिळवले. वडिलांचे जवळून केलेले निरीक्षण पाहायचे असेल तर आत्मचरित्रांआधी तो चित्रपट पाहा.